धार

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात
रिक्षांकडं पाठ करून,
आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार निघते.
पाहुणे फोटो काढतात, म्हणतात, काय ताजेपणा!
मला त्यात एक जुना संशय दिसतो,
पेल्यातल्या फेसासारखा वर आलेला:
समोर काढ. मी बघतोय.

बावीस वर्षं मी मूल्यशिक्षणाचा तास घेतला.
फळ्यावर लिहायचे, देव सगळं पाहतो,
आणि लिहिताना पाठीमागं
कोण कुणाची पेन्सिल पळवतंय
ते मलाच दिसायचं नाही.

ईश्वरा शेळक्याचं नाव तेवढं ईश्वरा.
चैत्रात सगळा कट्टा गुलालानं माखतो
तेव्हा हा कोराच्या कोरा,
म्हशीच्या पुठ्ठ्यावर कुणी उधळलेला गुलाल
ओल्या फडक्यानं पुसत बसलेला.
का रे? म्हटलं तर,
"पटलं न्हाई, एवढंच."
साधू नव्हे तो. आकडा लावतो,
बायकोशी महिना महिना अबोला धरतो,
शिव्या अशा, की म्हैससुद्धा कान पाडते.

त्याच्याकडं जैतूनबी येतात.
डोळ्यांत उजेड उरलेला नाही.
एक हात नातवाच्या खांद्यावर, दुसऱ्यात किटली.
नातू मोबाइलमध्ये गुंग. म्हणजे बघणारं कुणीच नाही.
बादलीत मघाचं दूध असतं, शेजारी नळ असतो,
आणि ईश्वराच्या हिशेबात तर आभाळही रिकामं.

तरी तो उकिडवा बसतो, कास धुतो,
किटली गुडघ्यांत धरतो. "ऐका, आपा."
रिकाम्या बुडावर पहिली धार
चर्र वाजते, बारीक, टोकदार.
मग आवाज जाड होत जातो,
मग फेसात बुडून घुमतो,
आणि जैतूनबी मान हलवतात,
"बस्स. अर्धा झाला."
कधीच चुकत नाहीत.

एकदा विचारलं मी. मास्तरणीची खोड.
तुझ्यावर नजर ठेवायला आहे कोण रे?
त्यानं म्हशीच्या मानेवर थाप मारली.
"म्हस बघती की."
कट्टा हसला. मीही हसले.
म्हैस रवंथ करत होती.
बघत होती, हे खरं.

पलीकडं दौलत खराडे असतो,
कपाळभर गुलाल, दर पौर्णिमेला डोंगर चढणारा.
त्याच्याही दुधात पाण्याचा थेंब नाही.
"वर गेल्यावर हिशेब द्यायचाय, बाई."
दोघांच्या दुधावर साय सारखीच येते,
बोटानं अख्खी उचलावी अशी.
पातेल्याला कळत नाही
कुठलं भीतीचं, आणि कुठलं...
पुढचा शब्द मला सापडत नाही.
तो मी फळ्यावर कधी लिहिलाच नव्हता.

परवा शुक्रवारी महाद्वार रोडवर
ओटीचं सामान घेतलं.
दुकानातलं पोरगं नवं होतं, घाबरं.
दोनशे रुपये जास्त परत आले.
मोजले मी. दोनदा मोजले.
मग गर्दीबरोबर सरकत देवळात पोचले,
अंबाबाईसमोर हात जोडले,
शंभर दानपेटीत टाकले.
शंभर पाकिटात राहिले.
दोघींनी मिळून वाटून घेतल्यासारखं.
तिनं पाहिलं असणारच.
बोलली काही नाही.
शुक्रवारी तिच्यापुढं रांग मोठी असते.

आज कट्ट्यावर पेला हातात घेतला, कोमट, फेसाचा,
आणि त्या म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.
मोठे ओले डोळे. त्यांत आरोप नव्हता,
क्षमाही नव्हती.
माशी बसली तशी तिनं पापणी मिटली, उघडली.
पेला अर्धाच ठेवला मी.
"काय झालं, बाई? नासलंय व्हय?"
नाही रे, दूध चांगलं आहे.

दुकान नऊपर्यंत उघडं असतं.
नऊला वीस मिनिटं होती.
चालत गेलं तर दहा मिनिटांचा रस्ता,
आणि माझे गुडघे दुखतात,
हे कारण मी परवापासूनच
जपून ठेवलेलं होतं.